तिरकी निब

आमच्या ह्यांना गल्लीत कोणी नावाने ओळखत नाही. निबवाले कुठे राहतात असं विचारलं, तर शेंबडं पोरही आमचं दार दाखवील. पोटापाण्यासाठी हे चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतात, आणि घरी आले की हातपाय धुऊन पुन्हा घासायलाच बसतात. फक्त काचांच्या जागी जुन्या शाईच्या पेनांच्या निबा असतात. मी एकदा म्हटलं होतं, एवढ्या वेळात घरातली भांडी घासली असती तर चौकात तुमचा पुतळा उभारला असता. त्यावर हे भिंगातून डोळा न काढता म्हणाले, पुतळ्याच्या खिशाला पेन लावायला सांग.

भंगारवाल्याकडून, जुन्या बाजारातून, कोणी घर रिकामं करत असेल तर त्याच्या कचऱ्यातून हे पेनं गोळा करतात. आमच्या दोघांच्या वयांची बेरीज केली तरी तिच्याहून म्हातारी अशी काही पेनं आमच्या कपाटात आहेत. मेलेलं पेन आणायचं, खोलायचं, आतली कुजलेली रबरी नळी काढून नवी बसवायची, निब सरळ करायची आणि शाई भरून लिहून बघायचं. लिहायचं वाक्यही ठरलेलं. ‘आज हवा बरी आहे, शाई चालू आहे.’ बाहेर वादळाने पत्रे उडत असले तरी आमच्या घरातल्या कागदांवर हवा बरीच असते.

निब सरळ हवी हा ह्यांचा हट्ट. कोणाच्याही हातात गेली तरी ती लोण्यासारखी चालली पाहिजे. आणि हेच गृहस्थ आल्यागेल्याला बजावायचे की शाईचं पेन दुसऱ्याला द्यायचं नाही, कारण निबेला लिहिणाऱ्याच्या हाताचं वळण लागतं आणि दुसरा हात ते मोडतो. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत हे मला तेव्हा सुचलं नाही. ह्यांना तर नाहीच.

सासूबाई आमच्याजवळ राहत नव्हत्या. थोरल्या दिरांजवळही नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या दोन भाड्याच्या खोल्या होत्या. जन्मभर एका दवाखान्याच्या औषधखान्यात त्यांनी नोकरी केली. पातळ औषधं तेव्हा तिथेच कालवून बाटल्यांत भरायची, आणि प्रत्येक बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर लिहायचं: जेवणानंतर दोन चमचे, हलवून घ्यावे, थंड जागी ठेवावे. ते लिहायचं काम सासूबाईंचं. बोलणंही त्या पट्ट्यांसारखंच, मोजकं आणि हुकमी. आमचं भांडण कधी झालं नाही, पण गूळपीठही नव्हतं. त्यांच्या घरी गेलं की मी स्टुलावर बसायची. खिडकीजवळची खाट त्यांची. लग्नानंतर एकदा मी चुकून तिच्यावर टेकले, तर म्हणाल्या, ‘‘तिथे माझी उठबस असते.’’ मी उठले आणि पुन्हा कधी त्या खाटेच्या वाटेला गेले नाही.

मग एका सकाळी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डावा हात आणि पाय लुळे पडले, उजव्या हातातही फारसा जोर उरला नाही, जीभही गेली. समज शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून त्यांना आमच्या घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीत खाट टाकली.

पहिल्या आठवड्यातच मला कळलं की त्यांना काहीतरी सांगायचंय. औषध द्यायला गेले की माझं मनगट उजव्या हाताने धरायच्या आणि डोळ्यांत बघत राहायच्या. घशातून नुसता आवाज यायचा, शब्द नाही. मान हलवून हो-नाही सांगता येत होतं, पण प्रश्न तर आपणच विचारायचा असतो. पाणी हवंय का, कूस बदलायचीय का, दुखतंय का, उजेड डोळ्यावर येतोय का. विचारून विचारून माझ्या नाकी नऊ आले. आपल्याला जो प्रश्न सुचतच नाही, त्याचं उत्तर बिचाऱ्या माणसाने मानेने कसं द्यायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा. शेवटी त्या मनगट सोडायच्या आणि डोळे मिटायच्या. ते डोळे मिटणं मला शिवीसारखं लागायचं.

अक्षरांचा तक्ता करून बघितला. थरथरतं बोट अक्षरावर पोचेपर्यंत शेजारच्या घरात शिरायचं, आणि काना-मात्रेपर्यंत गाडी जायचीच नाही. त्यांनी तो तक्ता खाटेखाली ढकलून दिला.

अशात थोरले भाऊजी आले. माणूस वाईट नाही. त्यांच्या शहरात अशा रुग्णांकडून रोज व्यायाम करून घेणारी मोठी जागा आहे, त्यांच्या इमारतीला लिफ्ट आहे, आमच्याकडे दोन जिने. ते आईच्या उशाशी बसले आणि त्यांनी विचारलं, माझ्याकडे येतेस का? सासूबाईंनी मान हलवली, नाही. भाऊजींचा चेहरा पडला, पण त्यांनी सांभाळून घेतलं. मग इथेच राहायचंय का? सासूबाईंनी पुन्हा मान हलवली, नाही. मला खोटं कशाला बोलायचंय, ते ‘नाही’ मला झोंबलं. रात्रंदिवस खस्ता मी काढत होते.

भाऊजींनी आम्हाला जिन्यात नेलं. ‘‘तिला आता काही कळत नाही,’’ ते म्हणाले, ‘‘दोन्हीला नाही म्हणतेय. तिला विचारत बसण्यात अर्थ नाही, आपणच ठरवायचं.’’ रविवारी ते गाडी घेऊन येणार आणि आईला नेणार. तिच्या खोल्यांचं सामान तेवढं आम्ही आवरायचं, आणि जाता जाता किल्ली ते स्वतः घरमालकाच्या हातात देतील. दार अर्धवट उघडं होतं. आत पेला खाली पडल्याचा मोठा आवाज झाला. मी धावत गेले, तर सासूबाई पडलेल्या पेल्याकडे नाही, दाराकडे बघत होत्या.

त्या दिवसापासून ह्यांचा जीव टांगणीला लागला. रविवारच्या आत आईने एकदा, एकच वाक्य का होईना, लिहिलं पाहिजे. बॉलपेनला जोर लावावा लागतो आणि तो त्या हातात नव्हता. पेन्सिलीच्या रेघा उमटायच्या त्या मुंगी चालून गेल्यासारख्या. मग ह्यांच्या डोक्यात उजेड पडला. शाईच्या पेनाला दाबावं लागत नाही, ते स्वतःच्या वजनाने लिहितं. कपाटातली पेनं एकेक करून बाहेर निघाली, पण सगळी जाडजूड. सासूबाईंची बोटं त्यांच्याभोवती मिटेनात. पेन निसटायचं, चादरीवर शाई सांडायची आणि मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत चादर बदलायची.

तेव्हा मला हिरवं पेन आठवलं. सासूबाईंचे कपडे आणायला मी त्यांच्या खोल्यांवर गेले होते तेव्हा टेबलाच्या खणात ते दिसलं होतं, करंगळीएवढं बारीक. नोकरीभर त्या त्यानेच लिहीत. ह्यांनी ते आपल्या संग्रहासाठी कितीदा मागितलं होतं. दर वेळी उत्तर एकच: ‘‘आहे तसं राहू दे.’’

मी जाऊन ते घेऊन आले. ह्यांनी दुकानात रजा टाकली.

पेनाच्या आत शाई वाळून दगड झाली होती आणि निब धरणारा गळा घट्ट बसला होता. गरम केल्याशिवाय खुलणार नाही. पण जुनी पेनं ज्या सेल्युलॉइडची असतात त्याला ऊब जरा जास्त झाली की भडका उडतो, आणि कमी पडली तर पिळताना नळकांडं तडकतं. ह्यांनी केस वाळवायचं यंत्र लांब धरलं आणि पेन हळूहळू फिरवत राहिले. मी ओलं फडकं घेऊन शेजारी उभी. मध्येच कापरासारखा वास आला आणि मी फडकं पुढे केलं. ह्यांनी यंत्र बंद केलं, थांबले, पिळून बघितलं. हलेना. पुन्हा ऊब, पुन्हा थांबणं. दारातून सासूबाईंची खाट दिसत होती आणि त्यांची नजर पेनावरून ढळत नव्हती. शेवटी अगदी बारीक आवाज झाला. मला वाटलं तडकलं. पण गळा सुटला होता.

मी खुर्चीवर बसून घेतलं. ह्यांनी आतला नळीचा चुरा काढला, नवी नळी लाखेने चिकटवली, निबेखालची शाई पोचवणारी जीभ धुतली, आणि निब भिंगाखाली धरली.

‘‘एका बाजूने पार झिजलीय,’’ हे कळवळून म्हणाले, ‘‘इतकी वर्षं आई अशी वाकडी निब ओढत होती.’’

आणि बसले घासायला. आईचा हात अशक्त, म्हणून निब आणखीच गुळगुळीत हवी, हा ह्यांचा हिशोब. आरशासारख्या गुळगुळीत घासकागदावर आठचे आकडे काढत ह्यांनी ती निब सरळ केली. इतकं मन लावून ह्यांना काम करताना मी पाहिलं नव्हतं. शाई भरली, कागदावर आज हवा बरी असल्याचं लिहून पाहिलं. पाण्यावरून नाव जावी तसं पेन गेलं.

सासूबाईंच्या हातात ते दिलं, आणि बोटं मिटली. किती दिवसांनी त्या चेहऱ्यावर जान आली. मी पुठ्ठ्यावर कागद धरला. त्यांनी पेन टेकवून ओढलं. काही उमटलं नाही. पुन्हा ओढलं. निब करकरली, तुटकी रेघ आली आणि संपली. त्यांनी पेन डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्याने निबेचं टोक चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि ह्यांच्याकडे बघितलं. ती नजर मी लिहू शकत नाही. मग पेन सोडून दिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

ह्यांनी ते उचललं. मग म्हणाले, ‘‘मी तिचा हातच घासून टाकला गं.’’

माझा तोल गेला. मी म्हटलं, जगाला सांगत फिरता की निबेला हाताचं वळण लागतं, आणि स्वतःच्या आईच्या वेळी ती अक्कल कुठे गहाण टाकली होती? दिव्याखाली अंधार. आपलेच दात, आपलेच ओठ, मारून तरी कोणाला मारणार? पण माझा राग उतरत नव्हता, कारण दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

शनिवारी सकाळी हे निब घेऊन बसले, पण घासायला नाही, नुसतं बघायला. दुसरी कुठलीही निब त्या बारीक गळ्यात बसत नव्हती. या निबेच्या टोकावरच्या कठीण धातूचा कण थोडासा उरला होता. त्याच्यातून जुना उतार पुन्हा काढता येईल, पण एकदाच. हात चुकला तर कण जाईल, खाली नुसतं मऊ सोनं राहील आणि पेन कायमचं मुकं होईल. उतार काढायचा तर आई पेन कसं धरायची ते कळायला हवं. ह्यांनी मला विचारलं, तुला आठवतंय का? मला नाही आठवलं. ह्यांनाही नाही. अनोळखी माणसांच्या निबा भिंगाखाली धरून ते कसे बसत असतील हे सांगणारा माणूस, पण आई घरी कधी लिहीतच नसे आणि औषधखान्यात हे कधी गेले नाहीत. खाटेवर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. पेन पुढे केलं तर बघतही नव्हत्या.

दुपारचं औषध द्यायला मी गेले. चमचा शोधायला वळले तेव्हा बाटली त्यांच्या उशाशी टेकवून ठेवली. परत बघते तर त्या बाटलीकडे वळल्या होत्या. वरची छापील पट्टी अंगठ्याने घासत होत्या, लागलेली आहे की सुटतेय ते बघितल्यासारखी. मग उजवा हात वर आला. मनगट बाहेरच्या बाजूला वळलं, बोटांची चिमूट झाली, आणि ती चिमूट बाटलीच्या गोलाईवरून हलली, हवेतच.

‘‘अहो,’’ मी हळू आवाजात हाक मारली, ‘‘आवाज न करता इकडे या.’’

हे आले आणि बघत राहिले. पट्टी आधी चिकटवायची, मग बाटली डाव्या हातात धरून तिच्या गोल अंगावर लिहायचं, अशी त्यांची रीत होती. जन्मभर त्या सपाट कागदावर लिहीतच नव्हत्या. म्हणून मनगट वळलेलं, म्हणून निब एका अंगाने झिजलेली. ती वाकडी नव्हती, बाटलीजोगी झाली होती.

त्यांचा डावा हात आता बाटली धरू शकत नव्हता. मी खाटेवर चढून त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि तो हात जिथे असता तिथे बाटली धरली. ह्यांनी शाई काढलेलं पेन पुढे केलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, आणि पेन घेतलं. हे गुडघ्यांवर बसून भिंगातून निब कशी टेकतेय ते बघू लागले. मग टेबलाशी गेले. दोन-तीन वेळा हलकेच घासलं, परत आले, पेन त्यांच्या हातात दिलं, बघितलं, परत गेले. माझा हात भरून आला, पण मी बाटली हलू दिली नाही.

‘‘पुरे,’’ हे म्हणाले.

मी म्हटलं, आणखी जरा?

‘‘आणखी घासलं तर कण जाईल. लागलं तर आता, नाहीतर नाही.’’

आणि नेमकी दारावरची घंटा वाजली. भाऊजी. गाडी आजच मोकळी मिळाली म्हणून एक दिवस आधीच आले होते. दमलेले होते, घाईत होते. आईची पिशवी भरली का, विचारलं. आम्ही दोघे आईच्या अंगाशी झोंबतोय असं त्यांना वाटलं असावं, कारण ते म्हणाले की तिला आता त्रास देऊ नका, झालं तेवढं पुष्कळ झालं. बोलता बोलता त्यांनी दाराजवळच्या खिळ्यावरची सासूबाईंच्या खोल्यांची किल्ली काढली. ती खिळ्याला वाजली, आणि सासूबाईंच्या घशातून ओरडल्यासारखा आवाज निघाला.

‘‘दादा,’’ हे म्हणाले, ‘‘जरा थांब.’’

ह्यांचा दादांपुढे आवाज कधी निघत नाही. भाऊजी थांबले. ह्यांनी पेनात शाई भरली. लिहून बघायला कागद ओढला, क्षणभर थबकले, आणि हवा कशी आहे ते न लिहिताच पेन आईच्या हातात दिलं. मी कोऱ्या कागदाची पट्टी बाटलीला गुंडाळून घट्ट धरली.

निब टेकली. पहिली रेघ फिकी, मग शाई उतरली. मनगट वळलेलं, हात थरथरतोय, पण अक्षर उभं राहत होतं. एकेका अक्षरानंतर त्या थांबायच्या, दम घ्यायच्या, आणि मी बाटली किंचित फिरवायची. भाऊजी पाठीमागून वाकून बघत होते. शेवटची मात्रा दिली तेव्हा आम्ही तिघांनीही एकदमच वाचलं.

‘माझ्या घरी ठेवावे.’

थंड जागी ठेवावे, तसं. नशीब, ‘मुलांपासून दूर’ असं पुढे लिहिलं नाही.

त्यांची दोन्ही ‘नाही’ खरी होती. तुमच्याकडे की आमच्याकडे, एवढंच आम्ही विचारत बसलो होतो. त्यांना त्यांचं स्वतःचं घर आहे हे आम्हाला कोणालाच सुचलं नाही, आणि त्या घराचं सामान आवरायचं मात्र लगेच सुचलं. मला फार लाज वाटली.

ह्यांनी सवयीने निब पुसायला हात पुढे केला. सासूबाईंनी पेन छातीशी ओढून घेतलं, दिलं नाही. हे रडता रडता हसले.

भाऊजी खाटेच्या कडेला टेकले. किल्ली हातातच होती. त्यांनी आईच्या पायावर हात ठेवला आणि फार शांतपणे विचारलं, ‘‘आई, तिथे एकटी कशी राहशील? तुला उठवणार कोण, व्यायाम कोण करून घेणार?’’ खरं तर प्रश्न बरोबरच होता. मी खाली बघत होते, कारण उत्तर मला दिसत होतं आणि ते मला कोणी विचारलं नव्हतं.

सासूबाईंनी पेनाने बाटलीवर टकटक केलं. मी नवी पट्टी गुंडाळली. हात आता थकला होता, एक अक्षर फुटलं, मध्येच डाग पडला. पण त्यांनी पूर्ण केलं.

‘हिची खाट खिडकीशी.’

‘‘कोणाची?’’ भाऊजींनी विचारलं.

सासूबाईंनी पेन उचलून माझ्याकडे रोखलं. निबेतून एक थेंब माझ्या बाहीवर पडला. येशील का म्हणून विचारणं नाही, गोड बोलणं नाही, पट्टीवर लिहावा तसा हुकूम. इतकी वर्षं मी त्या घरात स्टुलावर बसले होते.

मला हुंदका आला, आणि तो सगळ्यांदेखत आला याचा रागही आला. मी बाही झटकली, भाऊजींच्या हातातून किल्ली घेतली आणि त्यांना म्हटलं, आलाच आहात गाडी घेऊन, तर आधी गाद्या खाली न्या.